दूरचित्रवाणी टेनिस

दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर दोघांनी खेळावयाचा इलेक्ट्रॉनीय खेळ. मुंबई दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये, अमेरिकेत मॅग्नाव्हॉक्स कंपनीने राल्फ बेअर यांच्या संशोधनावर आधारलेला ‘ओडिसी’ हा पहिला घरगुती खेळसंच विक्रीस आणला. त्यातील टेनिसमध्ये प्रकाशाचे ठिपके व मधली रेषा एवढेच दिसे. मैदानाचे चित्र असलेले पारदर्शक प्लॅस्टिक पडद्यावर लावावे लागे व गुण खेळाडूंनाच मोजावे लागत. हा खेळ आधी पाहिलेल्या नोलन बुशनेल यांच्या अटारी कंपनीने त्याच वर्षी नाण्यावर चालणारा ‘पाँग’ काढला. त्यात गुण आपोआप दर्शविले जात. तो अतिशय लोकप्रिय झाला. मॅग्नाव्हॉक्सने १९७४ मध्ये दावा लावला. १९७६ मध्ये अटारीने एकस्वाचा परवाना घेऊन तडजोड केली. पाँगची कीर्ती मोठी असली, तरी घरगुती खेळसंचाच्या जनकत्वाचा मान बेअर यांना दिला जातो.