बादलीभरही पाणी न लागणारी नदी: देखाव्यात खरं वाटणारं पाणी कसं बनवतात?

मुकुंदवाडी असो की सिडको, छत्रपती संभाजीनगरच्या बऱ्याच भागांत नळाला पाणी कधी येणार हे घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ असतं. शहराला पाणी मिळतं ते पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे जवळपास ५० किलोमीटरवरून. तेही रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं. त्यामुळे ड्रम भरून ठेवणं हा इथल्या घरांचा नेमच झाला आहे.

अशा घरात महालक्ष्म्यांपुढे गावाचा देखावा मांडायचा ठरतो. कौलारू घरं, बैलगाडी, मंदिर, पाणवठ्यावरच्या बायका असं सगळं जमतं. मग कुणीतरी म्हणतं, "नदी पाहिजे." आणि घरातली मोठी माणसं आधी ड्रमकडे बघतात.

पण देखाव्यातली नदी खरी वाटावी म्हणून खरं पाणी लागतच नाही. उलट खरं पाणी वापरलं तर ती अनेकदा खोटी वाटते. असं का होतं आणि मग नदी करायची कशी, ते बघूया.

खरं पाणी खोटं का दिसतं?

घरं, झाडं, माणसं लहान करता येतात. पाणी मात्र लहान होत नाही.

समजा, देखावा १:३० या मापाचा आहे. म्हणजे साडेपाच फुटी माणसाची बाहुली साधारण साडेपाच सेंटीमीटरची. तिच्या शेजारी पाण्याचा ४ मिलिमीटरचा थेंब पडला, तर त्या बाहुलीच्या जगात तो १२ सेंटीमीटरचा होतो. एवढा मोठा थेंब कुठल्याच नदीत दिसत नाही.

दुसरा प्रश्न वेगाचा आहे. खऱ्या ९ मीटर उंच धबधब्यातलं पाणी खाली यायला साधारण १.४ सेकंद घेतं. देखाव्यात तोच धबधबा ३० सेंटीमीटरचा होतो आणि पाणी पाव सेकंदात खाली पोचतं. डोळ्याला लगेच कळतं की हा धबधबा नाही, नळ आहे. सिनेमावाले छोट्या मॉडेलवर पुराचं दृश्य करतात तेव्हा ते वेगवान कॅमेऱ्याने टिपून नंतर संथ करून दाखवतात, ते याच कारणाने. घरच्या देखाव्यात ती सोय नसते.

म्हणून देखावे करणारे लोक पाण्याऐवजी 'थांबलेलं पाणी' बनवतात.

आरशाच्या तळ्यापासून रेझिनपर्यंत

ही युक्ती नवी नाही. दिवाळीत मातीचा किल्ला करताना पायथ्याशी आरशाचा तुकडा ठेवून कडेने वाळू पसरायची आणि त्याला तळं म्हणायचं, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी अंगणांत झालं आहे. सलाईनची नळी मातीतून फिरवून केलेलं कारंजं ही त्याच्या पुढची पायरी. (नळी मेडिकलमधून नवीच घ्यावी. दवाखान्यात वापरून टाकलेली उचलून आणू नये.)

आरशाचं तळं आजही वाईट नाही. फक्त त्याला खोली नसते. निळा जिलेटीन कागद खाली घातला की चमक येते, पण पाणी काही वाटत नाही. खोली दाखवायची असेल तर आज मुख्यतः चार गोष्टी वापरतात.

फेविकॉल: ओला असताना पांढरा, वाळल्यावर पारदर्शक. ओढा, डबकं, ओली पायवाट यासाठी पुरतो. पातळ थर द्यायचा आणि तो पूर्ण पारदर्शक झाल्यावरच पुढचा. एकदम जाड ओतला तर वरून साय धरते आणि आत दुधाळ राहतो.

ग्लॉस वॉर्निश: रंगवलेल्या तळावर दोन-तीन हात दिले की ओलसर चमक येते. कमी खर्चात आणि कमी वेळात काम होतं.

पारदर्शक सिलिकॉन: खिडक्यांच्या काचा बसवताना वापरतात तेच. लाटा आणि धबधब्यासाठी उत्तम. याचे काही प्रकार वाळताना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो, त्यामुळे खिडकी उघडी हवी.

इपॉक्सी रेझिन: विहीर, हौद, तळं, संथ नदी यांसाठी सगळ्यात खरं वाटणारं. सगळ्यात जास्त काळजीही यालाच लागते.

पाणी निळं नसतं

सगळ्यात जास्त चूक इथे होते. लहानपणी चित्रकलेच्या वहीत नदी निळी रंगवलेली असते, म्हणून देखाव्यातही निळा डबा उघडला जातो.

नदीचा रंग ठरतो तिच्या तळावरून, गाळावरून आणि वरच्या आभाळावरून. मराठवाड्यातली नदी पावसाळ्यात मातकट तपकिरी असते. हिवाळ्यात संथ डोह हिरवट दिसतो. विहिरीचं पाणी काळसर हिरवं. चिकलठाण्याजवळून वाहणारी सुखना किंवा शहरातली खाम नदी डोळ्यांसमोर आणा, रंग आपोआप सुचेल.

खोली रंगानेच दाखवायची असते. मध्यभागी गडद हिरवा-तपकिरी, काठाकडे येताना फिका, आणि अगदी कडेला मातीचाच रंग. रेझिन जेमतेम ३ मिलिमीटरचं असलं तरी खाली असा रंग असेल तर डोह खोल वाटतो.

नदी करायची कशी?

१. पाया प्लायवूडचा किंवा जाड पुठ्ठ्याचा घ्या. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. शिवाय स्प्रे पेंटने ते विरघळतं.

२. नदीचं पात्र थोडं खोलगट करा. कागदाचा लगदा किंवा माती वाळल्यावर तिच्या भेगा बुजवा. बारीक भेगही रेझिनला पुरते.

३. तळ रंगवा. बारीक वाळू, खडे, सुकलेलं गवत आत्ताच चिकटवा. काळे खडे चांगले दिसतात, कारण इथला दगडही काळा बेसाल्टच आहे.

४. सगळ्या पात्रावर पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. ही पायरी गाळली तर मातीतली हवा वर येऊन रेझिनमध्ये बुडबुडे होतात.

५. नदी जिथे पाट्याच्या कडेला संपते तिथे प्लॅस्टिकची पट्टी पॅकिंग टेपने घट्ट लावून बांध घाला. रेझिन सुकल्यावर ती सोलून निघते.

६. आता रेझिन. समजा तळं ३० बाय १५ सेंटीमीटरचं आहे आणि थर ३ मिलिमीटरचा हवा आहे. ३० × १५ × ०.३ म्हणजे १३५ मिलिलिटर. डब्यावर २:१ प्रमाण दिलं असेल तर ९० मिलिलिटर रेझिन आणि ४५ मिलिलिटर हार्डनर. प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं असतं, काही वजनावर देतात. डब्यावर लिहिलंय तेच पाळा. "लवकर सुकेल" म्हणून हार्डनर जास्त घातला तर ते नीट सुकतच नाही, चिकट राहतं.

७. सावकाश ढवळा, जोरात घोटलं की फेस होतो. रंग हवा असेल तर एखादाच थेंब. पातळ थर ओता, वर खोकं झाकून ठेवा म्हणजे धूळ बसणार नाही. साधारण एक दिवस हात लावू नका.

८. सुकलेलं रेझिन आरशासारखं सपाट दिसतं. तळं असेल तर ते शोभतं, नदीला मात्र हालचाल हवी. पारदर्शक सिलिकॉन बोटाने थापटून हलक्या लाटा काढा. दगडामागे पाणी फुटतं तिथे थोडा पांढरा रंग लावायचा असेल तर सिलिकॉनच्या आधी लावा, कारण सुकलेल्या सिलिकॉनवर रंग धरत नाही.

धबधब्यासाठी जाड प्लॅस्टिकच्या कागदावर सिलिकॉनच्या उभ्या रेषा ओढा, काडीने खाली खेचा, वाळल्यावर पूर्ण पट्टी सोलून कड्याला चिकटवा.

पावसाळा आणि रेझिनचं वैर

गणपती आणि महालक्ष्म्या येतात त्या भाद्रपदात, दमट हवेत. अशा हवेत रेझिनवर पांढुरकी साय येऊ शकते आणि फेविकॉल वाळायला दुप्पट वेळ घेतो. म्हणून नदीचं काम सणाच्या आदल्या रात्री नाही, किमान आठवडाभर आधी. आणि पावसाची झड नसलेला दिवस बघून.

आणखी एक गोष्ट. रेझिन आणि हार्डनर एकत्र झाले की उष्णता तयार होते. भांड्यात जास्त मिश्रण तसंच राहिलं तर ते इतकं तापू शकतं की धूर निघतो. त्यामुळे लागेल तेवढंच कालवा. हातमोजे घाला, पंखा-खिडकी चालू ठेवा. न सुकलेल्या रेझिनने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, म्हणून हे काम लहान मुलांना देऊ नका. उरलेलं मिश्रण मोरीत ओतू नका, कपात सुकू द्या आणि मग कचऱ्यात टाका.

खरंच पाणी हवंय? मग हे पाळा

काहींना खळखळ आवाजच हवा असतो. मग पाणी थोडं ठेवा आणि तेच फिरवा. ५ व्होल्टवर चालणारा छोटा पंप घ्या. रोषणाईच्या माळांच्या जोडण्या पाण्यापासून लांब आणि उंचावर ठेवा.

साचलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि साधारण ७ ते १० दिवसांत अंड्याचा डास होतो. देखावा दहा दिवसांचा असेल तर मध्ये एकदा तरी पाणी काढून भांडं घासून कोरडं करा. ते पाणी कुंड्यांना घाला.

काय मांडायचं? पाणचक्की!

नदीच मांडली पाहिजे असं नाही. या शहराकडे स्वतःची पाण्याची गोष्ट आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने इथे जमिनीखालून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी बांधली. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की उभी राहिली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणायचं, उंच भिंतीवर चढवायचं आणि तिथून हौदात पाडायचं. त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि धान्य दळलं जायचं.

देखाव्यासाठी हा विषय सोयीचा आहे. हौद चौकोनी, म्हणजे रेझिन ओतायला सोपा. वरून पडणारं पाणी म्हणजे सिलिकॉनची एक पट्टी. शेजारी मोठा वड. आणि बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या पोरांना सांगायला एक खरी गोष्ट: पंप आणि वीज नसताना या शहरात पाणी लांबून कसं यायचं.

विसर्जनाला काय न्यायचं नाही?

रेझिन आणि सिलिकॉन पाण्यात विरघळत नाहीत. त्यामुळे देखाव्यातला हौद, तळं, धबधबा विसर्जनाच्या टोपलीत जाता कामा नये. वेगळ्या पाटीवर केलेलं तळं तसंच जपून ठेवता येतं. उन्हात ठेवलं तर पिवळं पडतं, म्हणून जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर.

पुढच्या वर्षी धूळ पुसायची आणि काठावरचं गवत बदलायचं. नदी तयार, ड्रमला हात न लावता.