बॉम्बचं सूत्र आणि दीर्घिकांचे लोब

रेडिओ दीर्घिका दोन बाजूंना झोत फेकतात आणि टोकांशी लाखो प्रकाशवर्षांचे लोब फुगवतात. 1953 साली जेनिसन आणि मृणाल कुमार दासगुप्तांनी ‘सिग्नस ए’ हा रेडिओ स्रोत जुळा असल्याचं दाखवलं, हे सर्वज्ञात आहे. पण हे लोब किती वेगानं वाढतात, त्या गणिताचं कूळ थेट अणुबॉम्बात सापडतं, असा माझा पक्ष आहे.

16 जुलै 1945 रोजी न्यू मेक्सिकोत पहिला बॉम्ब फुटला. त्याच्या छायाचित्रांवर वेळ आणि मापपट्टी दोन्ही होती. 25 मिलिसेकंदांनी आगीच्या गोळ्याची त्रिज्या साधारण 140 मीटर. केंब्रिजच्या जेफ्री टेलरांनी अशा फोटोंवरून स्फोटाची ऊर्जा सुमारे 17 हजार टन टीएनटीइतकी काढली आणि 1950 साली छापली. हिशोब सोपा: ऊर्जेला काळाच्या वर्गानं गुणा, हवेच्या घनतेनं भागा, पाचवं मूळ काढा, त्रिज्या जवळपास हाती येते.

आता दीर्घिका घ्या. तिथे एकच धमाका नाही, झोत अखंड चालू असतो. म्हणून ऊर्जेच्या जागी शक्ती घाला आणि काळाच्या वर्गाऐवजी घन घ्या. पाचवं मूळ तसंच राहतं! काळ दसपट झाला की बॉम्बचा गोळा अडीचपट होतो, लोब चौपट. त्याच काळात दुप्पट लांबी हवी, तर शक्ती 32 पट लागते. भोवतालचा वायू बाहेर विरळ होत गेला की पाचाचा आकडा थोडा उतरतो, इतकाच फरक.

प्रतिपक्ष म्हणतो, खरं मूळ पीटर शॉयर यांच्या 1974 च्या निबंधात आहे. अखंड पुरवठ्याची कल्पना त्यांनी मांडली, हे मान्यच. कारण एकदाच फुटून पसरणारा ढग लवकर मंदावतो. टोकांचे तेजस्वी ठिपके त्याला पेलत नाहीत. दुसरे बोट दाखवतात ताऱ्यांच्या वाऱ्यांनी फुगलेल्या बुडबुड्यांकडे, 1975 च्या गणिताकडे. पण तेही टेलरांचंच पाचवं मूळ वापरतं, म्हणजे तो या घराण्यातला चुलतभाऊ.

1991 मध्ये फॉले आणि 1997 मध्ये केंब्रिजचेच कायझर व अलेक्झांडर यांनी या गणिताला आजचं रूप दिलं: लोब वाढतो, पण आकृतीची प्रमाणं बदलत नाहीत. टेलर, शॉयर, कायझर, सगळे एकाच कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

म्हणून माझा निवाडा असा: पुरवठा शॉयरचा, पण कूळ टेलरचं. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं टिपलेल्या एखाद्या महाकाय रेडिओ दीर्घिकेचं वय या सूत्रानं काढाल, तेव्हा त्या पाचव्या मुळाचं श्रेय टेलरांच्या खात्यावर टाका.