नाणेघाट : सातवाहनकालीन घाटवाट

नाणेघाट ही सह्याद्री ओलांडून कोकण व देश यांना जोडणारी सातवाहनकालीन व्यापारी वाट होय. सोपारा, कल्याण या बंदरांतील माल येथूनच जुन्नरमार्गे पैठणकडे जात असे.

कल्याण-माळशेज रस्त्यावरील वैशाखरे (ता. मुरबाड) गावानजीक पायवाट सुरू होते. आरंभी सपाट रान, मग झाडीतला चढ आणि अखेरीस दगडी पायऱ्यांची अरुंद खिंड, असा हा दोन-तीन तासांचा मार्ग आहे. माथ्यालगतच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत शिलालेख असून त्यात यज्ञांची व दक्षिणेची नोंद आहे. त्यातील संख्याचिन्हे भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात मोलाची ठरली. राजपरिवाराच्या मूर्ती मात्र नष्ट झाल्या. उरली ती पावले आणि कोरलेली नावे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीसाठी होता, असे परंपरा सांगते. वाटेच्या रक्षणासाठी शेजारीच जीवधन किल्ला उभा आहे.

पावसाळ्यात पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात व धुक्यात कडा दिसत नाही. म्हणून उतरण्यापुरता उजेड हाती राखावा. लेण्याच्या भिंतींना हात लावू नये, त्यांवर काही कोरू नये. सुमारे दोन हजार वर्षे टिकलेली अक्षरे आधीच झिजली आहेत. पुसलेले अक्षर पुन्हा मिळत नाही.