तसबिरीतून उतरलेले आजोबा

शीर्षकातली तसबीर ओट्रँटोचा अधिपती मॅनफ्रेड याचे आजोबा रिकार्डो यांची होय. होरेस वॉल्पोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) या पहिली गॉथिक, म्हणजे जुने वाडे, भुतेखेते आणि पूर्वजांची पापे यांभोवती गुंफलेली, कादंबरी मानल्या जाणाऱ्या कृतीत ती निःश्वास सोडते आणि आजोबा चौकटीतून खाली उतरतात. मुलगा कॉनरॅड लग्नाच्या दिवशीच प्रचंड शिरस्त्राणाखाली चिरडून मेल्यावर, वंश टिकावा म्हणून, पत्नी हिप्पोलिटा हयात असतानाही मॅनफ्रेड मुलाच्या वाग्दत्त वधूला, इझाबेलाला, मागणी घालतो, त्याच प्रसंगी हे घडते. रिकार्डोने आपला धनी अल्फॉन्सो याला विष देऊन आणि खोटे मृत्युपत्र करून राज्य बळकावले होते. त्या पापाची फेड अखेर नातवाकडून होते, कारण इझाबेला समजून तो स्वतःच्या मुलीला, मटिल्डाला, भोसकतो.