कोस, मैल आणि तास

“सर, गोंदियाहून हैदराबाद किती लांब?” असे एका विद्यार्थ्याने मला विचारले. “सव्वा-दीड तास,” असे मी सांगून गेलो, आणि मागाहून लक्षात आले की त्याने अंतर विचारले होते व मी वेळ सांगितली होती. वाचकहो, आपणही बहुधा तेच केले असते. अंतर आपण वेळेने मोजू लागलो, याचा इतिहास आपल्या गोंदियाच्या मातीत चांगला दिसतो.

बैलगाडीच्या काळी हिशेब कोसांचा होता. गाडी दिवसाकाठी आठ-दहा कोस चालायची. म्हणजे नागपूर गाठायला चार-पाच दिवस, मुक्काम धरून. मग १८८० नंतर नागपूर-छत्तीसगड रेल्वेचे मीटरगेज रूळ या बाजूने गेले. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली; तिने ती वाट आपल्याकडे घेऊन रुंद केली आणि १८९१ मध्ये आसनसोलपर्यंत नेली. नागपूर जिथल्या तिथेच होते, सुमारे १३० किलोमीटरवर. पण दिवसांचे तास झाले. पुढे १९०३ मध्ये नैनपूरकडे आणि मग जबलपूरकडे अरुंद रुळांची गाडी निघाली, आणि गोंदिया जंक्शन झाले. आज मुंबई सुमारे ९६७ आणि हावडा सुमारे १,००० किलोमीटर. जणू तराजूच्या काट्यावरच आपले गाव बसले आहे.

विमानाची गोष्ट निराळी. कामठ्याजवळच्या बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली, ती लढाईसाठी. तुमच्या-आमच्या प्रवासासाठी नव्हे. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमाने सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघून ती मध्यरात्री नागपुरास एकत्र येत आणि थैल्या बदलून परत फिरत. आपल्या प्रदेशाचे मध्यवर्ती स्थान तेव्हा साऱ्या देशाच्या कामी आले. बिरसीहून तिकीट काढून बसायला मात्र १३ मार्च २०२२ उजाडावे लागले. ती इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा काही महिन्यांतच बंद पडली. १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या कंपनीची विमाने येऊ लागली.

आता हिशेब करू. बिरसी ते हैदराबाद सरळ रेषेत सुमारे ५१५ किलोमीटर. पंख्यांचे एटीआर विमान तासाला सुमारे ५०० किलोमीटर जाते. म्हणजे तास पुरला पाहिजे. पण धावपट्टीवर चालणे, वर चढणे, वळसा घेणे, खाली उतरणे, या साऱ्यांत वेग कमी असतो. म्हणून सव्वा-दीड तास. त्यात विमानतळावर आधी पोचण्याचा वेळ मिळवा. देवरीकडच्या माणसाने बिरसीपर्यंतचा रस्ताही मिळवावा. मग दीड तासाचा अर्धा दिवस होतो!

आणि ज्या दिवशी विमानच नाही, त्या दिवशी हैदराबाद पुन्हा पूर्वीइतकेच लांब. रेल्वेने आपल्याला जवळ आणले ते केवळ वेगाने नव्हे. उद्याही गाडी येईल, या भरवशाने आणले. रोग्याला न्यायचे असो की मुलाची मुलाखत असो, माणूस त्या भरवशावर घराबाहेर पडतो. बिरसीच्या विस्तारासाठी तिथल्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या आहेत. त्यांच्या त्या जमिनीचे मोल वेगात नाही, नेमाने येणाऱ्या विमानात आहे. त्या विद्यार्थ्याला पुन्हा उत्तर द्यायचे झाले तर मी म्हणेन, “बाबा, आधी विमान रोज आहे का ते विचार, मग किती लांब ते सांगतो.”