वरळीची खोली आणि माटुंग्याचा ब्लॉक

मंडळी, तुमच्या गावचा कोणी ना कोणी मुंबईस असतोच. तो सुटीला आला, की 'जागा कशी काय आहे?' असे आपण हटकून विचारतो. गावात जमिनीला जी किंमत, तीच मुंबईत जागेला. ती कशी ठरत गेली, हे दोन वस्त्यांवरून पाहू.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट चाळी सरकारच्या डोळ्यांवर आल्या आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. ट्रस्टने दादर-माटुंग्याकडील जमीन घेतली, रस्ते आखले, गटारे बांधली आणि प्लॉट लांब मुदतीच्या पट्ट्याने दिले. इमारती उठवल्या त्या खाजगी मालकांनी. मोरी-संडास घरातच, असा 'ब्लॉक' तेथे रुजला. दक्षिणेतून आलेले कचेरीतले नोकरदार तेथे भाड्याने राहू लागले. कामगाराला ते भाडे कुठले परवडणार?

त्याच्यासाठी १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. याच बी.डी.डी. चाळी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी मिळून २०७ चाळी, पैकी १२१ एकट्या वरळीत. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. पण गंमत पाहा, वरळीच्या पुष्कळ खोल्या आरंभी रिकाम्याच पडल्या! गिरणी लांब, बाजार लांब, आणि भाडे पगाराच्या मानाने जड. गरज होती, पण ऐपत नव्हती. नुसती घरे बांधून भागत नाही, ते असे.

पुढे १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला. खाजगी इमारतींचे भाडे १९४० च्या पातळीला बांधले गेले. भाडेकरूला आधार मिळाला, हे खरेच. पण मालकाने दुसरी वाट काढली, पागडीची. भाडे थोडके, पण आत शिरायला रोकड मोठी. आत असलेला सुरक्षित झाला आणि नव्याने येणारा दाराबाहेर राहिला. वरळीची सरकारी खोली मात्र बापाकडून लेकाकडे जात राहिली. २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या भाडेकरूंना त्याच जागेवरच्या उंच इमारतींत ५०० चौरस फुटांची घरे मिळाली.

तेव्हा घराचा भाव केवळ विटा-चुन्याने ठरत नाही. जमीन कोणी दिली, कायदा कोणता होता आणि कामाचे ठिकाण किती लांब, यांवरही तो ठरतो. गुरुजींनी मुलांना एवढे जरूर सांगावे. आणि मुंबईकर पाहुणा आला, की त्याला जागेबरोबर तिची हकीकतही विचारावी.