घरफोड्या, घरधनी आणि सूर्यास्त

मध्यरात्री भिंत फोडून चोर घरात शिरला आणि घरधन्याच्या हातून मारला गेला, तर तो खून ठरतो का? मित्रहो, या प्रश्नाचा निवाडा करताना निरनिराळ्या काळांतील कायदे एकाच गोष्टीकडे पाहत आले आहेत: सूर्य मावळला होता की नव्हता.

बायबलातील ‘निर्गम’ ग्रंथानुसार घर फोडताना सापडलेला चोर मारला गेला, तर रक्तपाताचा दोष लागत नाही. सूर्य उगवलेला असेल, तर लागतो. रोमच्या इ.स.पू. ४५० च्या सुमारास झालेल्या बारा पट्टांच्या कायद्यातही रात्रीच्या चोराला मारणे वैध होते; दिवसाच्या चोराला मात्र त्याने शस्त्राने प्रतिकार केला तरच. कारण उघड आहे. अंधारात हेतू कळत नाही, आणि हाक मारली तरी शेजारी वेळेवर येईलच असे नाही. अठराव्या शतकातील इंग्रज विधिज्ञ ब्लॅकस्टन तर बजावतो, की माणसाचा चेहरा ओळखू येण्याइतका संधिप्रकाश असेल तर ती रात्र नव्हे. चांदणे मात्र हिशेबात धरायचे नाही!

हीच रात्र इंग्रजांच्या कायद्याबरोबर आपल्याकडे आली. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा सादर केला. त्यात खाजगी संरक्षणाचा हक्क ऐसपैस ठेवला होता आणि त्यामागचे समर्थन असे, की इथली माणसे अन्याय मुकाट सोसतात, त्यांच्यात मर्दानी बाणा जागवला पाहिजे. १८६० च्या संहितेतील कलम १०३ नुसार रात्रीची घरफोडी रोखताना हा हक्क चोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत जातो. कलम ९९ चा लगाम सोबत होताच: गरजेपेक्षा अधिक इजा नको, आणि सरकारी मदत मिळवण्यास सवड असेल तर हक्कच नाही.

पण बाणा जागवू पाहणाऱ्या याच राजवटीने १८७८ च्या शस्त्र कायद्याने विनापरवाना बंदूक-तलवार बाळगण्यास बंदी केली आणि युरोपीयांना त्यातून सूट दिली. रयतेचा हक्क उरला काठी-कोयत्यापुरता. मेकॉलेचे ते उदार समर्थन वाचताना मला म्हणूनच संशय येतो.

१ जुलै २०२४ पासून कलम १०३ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ ने घेतली. ‘रात्रीची घरफोडी’ जाऊन ‘सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी’ अशी शब्दयोजना आली. सीमा मात्र तीच. निव्वळ चोरीसाठी भरदुपारी शिरलेला चोर मारला गेला, तर जिवाची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती होती, हे घरधन्याला आजही दाखवावे लागते.